वकीलताईंना विचारा : एनसी झाली म्हणजे सगळं संपलं का?

पेरणी लागली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, येतोच. यावेळी धुऱ्यासोबत करंटचं कुंपण, मोटरपंपाचा केबल आणि एक कोऱ्या कागदावरची सही पण आलीय. उत्तरं द्यायच्या आधी एकच गोष्ट सांगते. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी साक्ष अधिनियम. आपल्याकडे पानटपरीवरच्या माणसालाही ३०२, ३०७, ४२० पाठ असायचं, आता त्याचं १०३, १०९, ३१८ झालंय आणि खरं सांगू तर माझीच जीभ अजून जुन्या नंबरावर घसरते. घटना १ जुलैच्या आधीची असेल तर कलम जुनंच लागतं, मागच्या तारखेच्या कामाला नवी शिक्षा लावता येत नाही, ते संविधानाच्या २० व्या अनुच्छेदातच आहे.

ताई, शेजाऱ्यानं ट्रॅक्टर लावून आमच्या धुऱ्याचे दोन तास (नांगराच्या रेघा) खाल्ले. मोठा भाऊ बोलायले गेला तर त्यानं नं त्याच्या पोरानं बंडीच्या उभारीनं (उभ्या दांड्यानं) मारलं. ठाण्यात गेलो तर जमादार म्हणे एनसी घेऊन टाकतो, कोर्टात जा. दोन दिवसांनी एक्सरे काढला तं हाताचं हाड मोडलेलं निघालं. आता म्हणतात एनसी झाली, काही होत नाही. खरं हाय का? — शेतकरी, यवतमाळ जिल्हा

खरं नाही भाऊ. पण जमादार पूर्ण चुकला असंही लगेच म्हणू नका, कारण तुम्ही गेलात तेव्हा त्याच्यासमोर सुजलेला हात होता, मोडलेलं हाड नव्हतं.

गुन्हे दोन जातीचे, दखलपात्र आणि अदखलपात्र. दखलपात्रात पोलीस एफआयआर घेतात, लगेच तपास करू शकतात, वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्रात फक्त रजिस्टरला नोंद होते, तिलाच आपण एनसी म्हणतो, आणि मॅजिस्ट्रेटचा आदेश असल्याशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. साधी दुखापत, म्हणजे न्याय संहितेचं कलम ११५(२), अदखलपात्र. पण हाड मोडलं, दात पडला, किंवा माणूस १५ दिवस अंथरुणाला खिळला की ती गंभीर दुखापत होते (आधी हे २० दिवस होतं), तिचं कलम ११७(२), शिक्षा ७ वर्षांपर्यंत, आणि ती दखलपात्र. जिनं माणसाचा जीव जाऊ शकेल अशी वस्तू वापरली असेल तर ११८ लागतं, ते साध्या दुखापतीलाही दखलपात्रच आहे. उभारी त्यात बसते की नाही ते कशी मारली, कुठं मारली यावर ठरेल, पण मी तुमची वकील असते तर हा मुद्दा सोडला नसता. आणि एका प्रकरणात चार कलमं अदखलपात्र आणि एकच दखलपात्र असलं तरी अख्खं प्रकरण दखलपात्र धरतात.

आता गोम कुठं आहे ते बघा. आपल्या ग्रामीण रुग्णालयात बरेचदा रात्री एक्सरे होत नाही, डॉक्टर जखमेची नोंद करतो आणि हाडाबद्दलचं मत राखून ठेवतो, लोक त्याला ‘ओपिनियन रिझर्व्ह’ म्हणतात. ते मत पुढं ठाण्यात पोचतच नाही. भाऊ बरा होतो, हात वाकडा जुळतो, शेजारी दुसऱ्या वर्षी तिसरा तास खातो आणि एनसीचा कागद टीव्हीच्या मागं पडून राहतो. असे कागद माझ्या टेबलावर इतके आलेत की त्यांचा रंग बघून मी सांगू शकते किती वर्षांचा आहे.

तर करायचं काय. एक्सरे, त्याचा रिपोर्ट आणि डॉक्टरचं पक्कं मत जोडून ठाणेदाराच्या नावानं साधा अर्ज लिहा, अमुक तारखेची एनसी, आता हाड मोडल्याचं निघालं, एफआयआर नोंदवा. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या, शिक्का सही तारीख. पोच घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका, मग तिथं कोणी कितीही म्हणो की ‘साहेब आले की देतो’. नाही घेतला अर्ज तर तोच मजकूर स्पीड पोस्टनं एसपी साहेबांना. तिथंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या १७५(३) खाली अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, म्हणून खोटं एक वाक्य पण लिहू नका. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावीच लागते हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी २०१३ मध्ये ललिता कुमारीच्या निकालात सांगून टाकलंय. नव्या कायद्यात ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपीच्या (पोलीस उपअधीक्षकाच्या) परवानगीनं १४ दिवस आधी चौकशी करायची सोय आहे खरी, पण तुमच्या ११७ ला शिक्षा पूर्ण ७ वर्षांपर्यंत आहे, ती त्या सोयीच्या बाहेर जाते. एफआयआरची नक्कल फुकट मिळते. झेरॉक्सचे पैसे सुद्धा देऊ नका.

आणि समोरचाही तक्रार देईल. ‘यांनीच आधी मारलं’ असं. ते जवळपास ठरलेलंच असतं, घाबरू नका. पण तुमच्याकडूनही दोन हात चालले असतील तर माझ्यापासून लपवू नका, वकिलाला अर्धं सांगणाऱ्याची केस अर्धीच उभी राहते.

हो, आणि तुम्ही खाली बारीक अक्षरात विचारलंय की तंटामुक्ती समितीत मिटवलं तर चालेल का. साधी दुखापत तुमचा भाऊ स्वतः मिटवू शकतो, हाड मोडल्याची कोर्टाच्या परवानगीनं. खून, बलात्कार असले गुन्हे कोणत्याच समितीला मिटवता येत नाहीत, गावच्या पारावर कितीही मोठे लोक बसले तरी. मिटवलंत तर धुऱ्याची मोजणी त्यातच लिहून घ्या बरं, नाहीतर हात जुळेल आणि धुरा नाही.

चण्यात रानडुकरं येतात म्हणून मामेभावानं तारेत करंट सोडला होता. सकाळी काढायचा राहून गेला नं बाजूच्या गावचा गुराखी चिकटून मेला. मामेभाऊ म्हणते माह्या मनात मारायचं नव्हतं, तो माह्या वावरात काहून आला? त्याले खुनाची केस लागंल काय? — चंद्रपूर जिल्हा

हे पत्र मी तीनदा वाचलं. आपल्याकडे हे दर हंगामात होतं, कधी गुराखी, कधी शेतमालक स्वतः, कधी वाघ. रानडुकरं, रोही (नीलगाय) एका रात्रीत वावर साफ करतात, भरपाईच्या अर्जाला चपला झिजतात, त्यामुळे शेतकऱ्याचा राग मला कळतो, माझं माहेर शेतीचंच आहे. पण फौजदारी कायद्यात पहिला प्रश्न असतो तो मनाचा. काय झालं तेवढंच बघत नाहीत, करताना त्याच्या डोक्यात काय होतं तेही बघतात.

तीन पायऱ्या धरा. मारायचंच म्हणून मारलं, तो खून, कलम १०३. मारायचं नव्हतं पण असं केल्यानं माणूस मरू शकतो हे पक्कं ठाऊक होतं, तर सदोष मनुष्यवध, कलम १०५, नुसत्या जाणिवेवर १० वर्षांपर्यंत शिक्षा. आणि ना इरादा ना जाणीव, फक्त घोर निष्काळजीपणा, तर १०६(१), आधी तिथं २ वर्षं होती, आता ५ वर्षांपर्यंत. मामेभावाच्या केसमध्ये सगळी लढाई दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधात होईल. वाट किती वापरातली होती, रात्रीच सोडला होता की दिवसाही, कुणाला सांगितलं होतं का, आधी कोणी वाचलं होतं का, असे प्रश्न येतील. सरळ मेन लाईनवर आकडा टाकला असेल तर वीज कायद्याचं वेगळं प्रकरण.

‘तो माझ्या वावरात काहून आला’ हे मात्र चालत नाही. बिहारची एक जुनी केस आहे, १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाल लागला. शेजारची बाई आपल्या संडासात येते म्हणून एकानं संडासाच्या वाटेवर उघडी तार लावून करंट सोडला आणि ती मेली. तो म्हणाला ती माझ्या हद्दीत घुसली होती. कोर्ट म्हणालं, घुसली म्हणून तिचा जीव घ्यायचा परवाना मिळत नाही, आणि निष्काळजीपणाच्या कलमाखाली त्याची शिक्षा कायम केली. वावराला कुंपण घालायचा हक्क आहे, सापळा लावायचा नाही. सोलरची झटका मशीन वेगळी, ती थोडा थोडा झटका देऊन जनावराला हुसकावते, मेन लाईनच्या करंटशी तिची तुलना करू नका.

मामेभावाला सांगा, तार गुंडाळून विहिरीत टाकायची अक्कल कोणी देत असेल तर ऐकू नका. पुरावा नाहीसा करणं हा आणखी एक गुन्हा, आणि तो मात्र मुद्दाम केलेला असतो.

माझा मुलगा १९ वर्षाचा आहे, मोटरपंपाचे केबल चोरल्याच्या केसमध्ये नेला आहे. भेटायला गेले तर एक जण म्हणाला कबूल कर म्हणावं, लवकर सुटशील. मला लिहिता वाचता कमी येते, हे शेजारच्या मुलीनं लिहून दिले. — एक आई, बुलढाणा जिल्हा

माउली, आधी हे तीन आकडे पाठ करा, २४, ६०, १५१००.

२४ म्हणजे अटक केल्यापासून २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, हे संविधानातच लिहिलंय. अटक का केली ते त्याला सांगावं लागतं, अटकेचा पंचनामा करावा लागतो आणि घरच्या माणसाला कळवावं लागतं. मॅजिस्ट्रेट विचारतील, मारहाण झाली का. झाली असेल तर त्यानं तिथंच तोंड उघडावं, नंतर सांगितलेलं कोणी तेवढं मनावर घेत नाही.

६० म्हणजे चोरीसारख्या गुन्ह्यात ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्कानं मिळतो, कोर्टाची मेहेरबानी म्हणून नाही. १० वर्षं, जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांत ते ९० दिवस आहेत. पण अर्ज करावा लागतो आणि दोषारोपपत्र दाखल व्हायच्या आधी करावा लागतो, एक दिवस उशीर झाला की संधी गेली.

१५१०० हा फुकट वकिलासाठीचा विधी सेवेचा नंबर. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो आणि बाईमाणसाला तर तिची कमाई कितीही असो. तालुका कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, दारावर पाटी असते, तिथं जा. गहाण टाकू नका काही.

आता कबूल करायचं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. इंग्रजांच्या काळापासून हे असंच आहे आणि त्याचं कारण तुम्हाला मी सांगायची गरज नाही. पण एक खिडकी उघडी आहे. त्यानं ‘केबल अमक्या नाल्यात पुरला’ सांगितलं आणि तिथून केबल निघाला, तर तेवढा भाग चालतो. म्हणून ‘कबूल कर, सुटशील’ म्हणणाऱ्याला विचारा, सुटेल कसा? कबुलीनं पोलिसांचं काम हलकं होतं, पोराचं नाही. त्यानं गप्प राहिलं तर त्याच्यावर कोणी जबरदस्ती करू शकत नाही, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणालाच भाग पाडता येत नाही. आणि माल ५ हजारांच्या आतला असेल, पहिलीच वेळ असेल आणि माल परत केला तर नव्या कायद्यात जेलऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. केबलची किंमत पंचनाम्यात किती लावलीय ते वकिलाला आधी तेच बघायला सांगा.

पोरगा दोषी आहे की नाही मला माहीत नाही. तुम्हालाही पत्र लिहिताना पक्कं माहीत नव्हतं असं वाटलं. पण ते ठरवायचं काम कोर्टाचं, आणि तोवर कायदा त्याला निर्दोषच धरतो.

६६ वर्षांच्या आईला पोलिसांची नोटीस आलीय, ठाण्यात हजर राहा म्हणून. अटक करतील का? — अमरावती जिल्हा

नोटीस कोणती ते आधी बघा. सुरक्षा संहितेच्या कलम १७९ ची असेल तर ती साक्षीदार म्हणून आहे आणि बाईला किंवा साठीच्या वरच्या माणसाला जबाबासाठी घराबाहेर बोलावताच येत नाही, पोलिसांनी घरी यावं. ३५(३) ची असेल तर आरोपी म्हणून आहे, तेव्हा जावंच लागतं, पण ती नोटीसच मुळात अटक न करता बोलावण्यासाठी असते. नोटिशीप्रमाणे जात राहिलं तर कारणं लिहून ठेवल्याशिवाय अटक होत नाही, आणि ३ वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा असेल तर साठीच्या वरच्या माणसाला डीवायएसपीच्या परवानगीशिवाय नाहीच. सूर्य मावळल्यावर बाईला अटक नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. आईसोबत जा, नोटिशीचा फोटो काढून ठेवा.

मी देसाईगंजला कॉलेजला आहे. मॅडमनी सांगितलं की आमच्या गावच्या ठाण्यात १९७२ ला झालेल्या घटनेमुळे देशाचा कायदा बदलला. पण त्या केसमधले पोलीस तर सुप्रीम कोर्टातून निर्दोष सुटले ना? मग निर्दोष म्हणजे त्यांनी केलंच नव्हतं असं धरायचं का?

पोरी, तुझ्या प्रश्नाला मी कॉलम अख्खा दिला असता.

फौजदारी केसमध्ये सिद्ध करायचा बोजा सरकारचा, आणि संशयाला वाजवी जागा उरू नये इतकं सिद्ध करावं लागतं. जमिनीच्या दिवाणी दाव्यात पारडं थोडं झुकलं तरी चालतं, इथं नाही. म्हणून ‘निर्दोष’ याचा अर्थ ‘केलं नाही’ असा असेलच असं नाही, ‘पुराव्यातून सिद्ध झालं नाही’ एवढाच असू शकतो. हा नियम मला पटतो. उद्या माझ्यावर खोटी केस आली तर मला हाच नियम वाचवणार आहे.

पण तुमच्या गावच्या केसमध्ये प्रश्न वेगळाच होता. १९७२ च्या मार्चमध्ये, तेव्हा देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होतं, एका आदिवासी मुलीनं सांगितलं की ठाण्यातच पोलिसांनी तिच्यावर बलात्कार केला. चंद्रपूरच्या सेशन कोर्टानं सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं परत सोडलं, कारण काय तर अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे तिची संमती असेल. रात्रीचं ठाणं, दार बंद, समोर वर्दी, आणि ती ओरडली काहून नाही! पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, गप्प राहणं आणि संमती देणं एकच नाही म्हणून. बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईनं कोर्टात संमती नव्हती सांगितलं तर कोर्ट ती नव्हतीच असं धरून चालतं. पीडितेचं नाव छापायला बंदी पण तेव्हाच आली, म्हणून इथं तुला तिचं नाव दिसलं नाही.

त्या केसमधले दोघं पोलीस सुटले ते सुटलेच. नवा कायदा मागं लावता येत नाही, वर सांगितलं तेच. तुला राग आला असेल तर येऊ दे, मलाही वर्गात पहिल्यांदा हा निकाल ऐकला तेव्हा आला होता आणि अजून गेलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी दारूच्या धाडीत जमादारानं मला पंच म्हणून सही करायला लावली. मी धाडीत नव्हतोच, हॉटेलात चहा पित होतो. कोऱ्या कागदावर सही होती. आता कोर्टाचा समन्स आला, काय सांगू? — वाशीम जिल्हा

जे झालं ते सांगा. ‘मी पाहिलं’ म्हणालात तर शपथेवर खोटं बोललात. ‘माझ्यासमोर काही जप्त झालं नाही, सही चहाच्या टेबलावर घेतली’ म्हणालात तर सरकारी वकील तुम्हाला फितूर ठरवून उलट प्रश्न विचारतील, विचारू द्या, रागावू नका. मी स्वतः एका केसमध्ये पंचाला विचारलं होतं, बाटल्या किती होत्या, तर तो जजसाहेबांकडे बघून म्हणाला ‘कागदात किती लिवल्या हाय?’ कोर्ट हसलं आणि आरोपी सुटला. तो खरंच विकत होता की नाही, ते त्या कागदानं कायमचं झाकून टाकलं.

लेखी आदेश देऊन पंच म्हणून बोलावलं आणि विनाकारण नाही म्हटलं तर गुन्हा होतो, त्यामुळे पुढं बोलावलं तर जा. पण जागेवर उभं राहून बघा, वाचा, मग सही करा. आता झडती आणि जप्तीचं मोबाईलवर शूटिंग करणं पोलिसांवर बंधनकारक आहे, पंचाच्या सहीसकट, तेव्हा शूटिंग कुठं आहे ते बिनधास्त विचारा.

समन्सच्या तारखेला सकाळी ११ च्या आधी पोचा, आधार कार्ड न्या, आणि साक्षीदाराचा भत्ता मिळतो तो बाबूकडं मागून घ्या, एसटीचं तिकीट जपून ठेवा.